लेसर पारपटलावर, वय भिंगावर

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घ्यावी असे ज्याच्या मनात येते, तो बहुधा पहिला प्रश्न विचारतो, "माझे वय यात बसते का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण डोळ्याचे सगळे भाग एकाच वेगाने प्रौढ किंवा वृद्ध होत नाहीत. नेत्रगोलाची लांबी, पारपटलाची म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्नियाची) बळकटी आणि आतल्या भिंगाची लवचीकता यांचे वेळापत्रक निरनिराळे असते, आणि लेसर त्यांपैकी फक्त पारपटलाला हात लावतो.

जन्मतः नेत्रगोल सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी ही लांबी २४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावते. उणे नंबर असणाऱ्यांत ही वाढ बहुधा बेताबाहेर जाते, आणि प्रत्येक जादा मिलिमीटरमागे नंबर साधारण अडीच ते तीन डायऑप्टरने (डायऑप्टर म्हणजे नंबर मोजण्याचे एकक) वाढतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी लेसर केला, तर तो त्या दिवशीच्या नंबराप्रमाणे पारपटलाला आकार देईल. डोळा पुढेही लांबत राहिला, तर नंबर परत येईल. अशा वेळी शस्त्रक्रिया फसली असे म्हटले जाते, पण चुकलेली असते ती वेळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या लेसरयंत्रांसाठी किमान वय सर्वसाधारणपणे १८ आणि काहींसाठी २१ वर्षे आहे. तथापि वाढदिवसापेक्षा स्थिर नंबराला अधिक महत्त्व आहे: मागील वर्षभरात तो अर्ध्या डायऑप्टरपेक्षा जास्त बदललेला नसावा. काहींचा नंबर पंचविशीतही सरकत असतो, म्हणून चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळातही नंबर तात्पुरता बदलू शकतो, त्यामुळे तेव्हाही थांबायला सांगतात.

तरुण वयात थांबण्याचे दुसरे कारण फारसे बोलले जात नाही, आणि माझ्या मते तेच अधिक गंभीर आहे. केराटोकोनस या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. तो बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि आरंभी कसलीही जाणीव होऊ देत नाही. पारपटलाची मधल्या भागातली जाडी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच अधिक असते. लेसिक या लेसर शस्त्रक्रियेत पारपटलाची वरची पातळ झडप उचलून तिच्याखालचा थर एका डायऑप्टरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन घटवला जातो, आणि शेवटी झडपेखाली निदान २५० मायक्रॉन जाडी उरावी असा दंडक आहे. मुळातच दुबळ्या पारपटलावर हे केले, तर ते पुढे फुगत जाऊन दृष्टी कायमची बिघडू शकते. विशीतल्या व्यक्तीच्या पारपटलाचा आज निर्दोष दिसणारा नकाशा काही वर्षांनी तसाच राहील याची खात्री नसते. पस्तिशीत तोच नकाशा निर्दोष असेल, तर त्यावर अधिक विसंबता येते. शिवाय वयाबरोबर पारपटलातील कोलॅजनचे तंतू एकमेकांशी अधिक घट्ट जोडले जातात. या एका बाबतीत वाढते वय सोयीचेच ठरते.

भिंगाची गोष्ट उलट आहे. दहाव्या वर्षी भिंग आपला आकार बदलून सुमारे १४ डायऑप्टरची भर घालू शकते. साठीला जेमतेम एकाची. चाळिशी ओलांडताना ही शक्ती वाचनाला अपुरी पडू लागते, आणि तेव्हा लागणाऱ्या चष्म्याला मराठीने 'चाळिशी' हेच नाव देऊन टाकले आहे. उणे तीन नंबराचा माणूस चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवरचा मजकूर आरामात वाचतो. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने लेसरने तो नंबर पूर्ण काढून टाकला, तर दूरचे लख्ख दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. म्हणजे एक चष्मा देऊन दुसरा घेण्यासारखेच झाले. यावर एक तोडगा असा, की एक डोळा दूरसाठी नीट करायचा आणि दुसऱ्यात थोडा उणे नंबर जवळच्या कामासाठी मुद्दाम ठेवायचा. सर्वांच्या मेंदूला ही विभागणी रुचत नाही. त्यामुळे आधी तशाच नंबरांची कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस वावरून पाहणे शहाणपणाचे.

पन्नाशीनंतर लेसरला ठरावीक वयाची कमाल मर्यादा नाही, पण अडचणी वाढतात. डोळ्यांतली आर्द्रता कमी होते, स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर विशेषतः, आणि पारपटलातील मज्जातंतू छेदले गेल्याने कोरडेपणात भर पडते. मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल, तर भिंगच नंबर बदलत असते. साठीनंतर चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले म्हणून हरखणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांत कित्येकदा हेच चाललेले असते. अशा डोळ्यात पारपटल घासण्यापेक्षा भिंगच बदलून कृत्रिम भिंग बसवणे अधिक सयुक्तिक ठरते. तरुणपणी लेसर करून घेतलेल्यांनाही पुढे मोतीबिंदू होतोच. आकार बदललेल्या पारपटलामुळे तेव्हा कृत्रिम भिंगाच्या शक्तीचा हिशेब अवघड जातो, म्हणून लेसरपूर्वीच्या मोजमापांचा कागद पुढची तीस-चाळीस वर्षे सांभाळून ठेवावा लागतो.