कुमामोतोच्या तटाला पोट का सुटले?

एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या क्यूशू बेटाला भूकंपाचे हादरे बसले, तेव्हा कुमामोतो किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्यावरची कौले घसरून पडल्याची छायाचित्रे सर्वत्र पसरली. त्यांच्यासोबत एक दावाही पसरला, की छपराचा भार हलका व्हावा म्हणून जुन्या कारागिरांनी ही कौले भूकंपात गळून पडतील अशाच बेताने बसवली होती. हा दावा टिकत नाही, कारण ती कौले ज्या मनोऱ्यावर होती तो १९६० साली काँक्रीटमध्ये नव्याने उभारलेला आहे. मूळ लाकडी मनोरा १८७७ मध्ये, सात्सुमा प्रांतातील बंडखोर सामुराईंचा वेढा पडण्याच्या तोंडावर, आगीत भस्मसात झाला होता. पूर्वजांच्या कौशल्याचा खरा पुरावा पाहायचा असेल, तर छपरावरची नजर खाली दगडांकडे वळवावी लागेल.

कातो कियोमासा या सरदाराने हा किल्ला १६०७ च्या सुमारास पूर्ण केला. त्याचे तट पायथ्याशी ऐसपैस कललेले असून वर जाताना अधिकाधिक उभे होत जातात, त्यामुळे सुरुवातीला सोपी वाटणारी चढण शत्रूला मध्यावर अशक्य होऊन बसते. दगडांच्या सांध्यांत चुना नाही. दर्शनी दगडांमागे लहान गोट्यांचा जाड थर आहे आणि त्यामागे मातीचा भराव. पावसाचे पाणी या गोट्यांमधून निचरून जाते, म्हणून मुरलेल्या पाण्याचा दाब तटावर येत नाही. शिवाय चुन्याने जखडलेले नसल्यामुळे दगड लहान हादऱ्यात किंचित सरकून ताण जिरवतात.

मात्र या गोट्यांच्या थरातच तटाचा घातही दडलेला असतो. जमीन हलते तेव्हा दर्शनी दगड आणि मागचा भराव एकाच लयीत हलत नाहीत. दगड क्षणभर बाहेरच्या बाजूला झुकला, की त्याच्या मागे बोटभर फट पडते आणि वरचे गोटे तत्काळ त्या फटीत उतरतात. पुढच्याच क्षणी दगड मागे येऊ पाहतो, पण आता त्याची जागा भरून गेलेली असते. धान्याचे पोते आपटले की दाणे खाली बसतात आणि पोते फुगते, तसेच येथे घडते; प्रत्येक झोक्यागणिक गोटे खाली बसतात, तट थोडा बाहेर येतो आणि परतीची वाट बंद होते. हे सरकणे एकाच दिशेने साचत जाते, त्यामुळे तटाला पोट सुटते. फुगलेल्या भागातील दगडाच्या भाराची रेषा खालच्या दगडाच्या आधाराबाहेर गेली, की तेवढा भाग ढासळतो. १४ एप्रिलला ६.५ आणि १६ एप्रिलला ७.३ तीव्रतेचा धक्का बसला, म्हणजे पहिल्याने सैल केलेल्या तटांवर दुसरा आदळला. किल्ल्यात ५० ठिकाणी तट कोसळले, आणि त्यांतील बहुतांश जागा १८८९ च्या भूकंपातही पडलेल्याच होत्या.

कोपऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे लांबट घडीव दगड आलटून पालटून, एक या भिंतीत तर पुढचा त्या भिंतीत, आडवे घातलेले असतात. प्रत्येक दगडाची लांब शेपटी आत रुतलेली असते आणि वरच्या दगडाच्या वजनाखाली दाबलेली राहते, म्हणून तो सहजासहजी बाहेर सरकत नाही. किल्ल्यातील इइदामारू या भागातील पाच मजली बुरूजघराखालचा तट दोन्ही अंगांनी कोसळला, तरी कोपऱ्याच्या दगडांचा एक खांब उभा राहिला आणि बुरूजघराचा तो कोपरा त्याच्या आधाराने तगला. याला चमत्कार म्हटले गेले. माझ्या मते ते घर्षणाचे आणि उत्तम बांधणीचे श्रेय आहे, आणि ते अनाम पाथरवटांना मिळायला हवे.

मुख्य मनोरा धक्के शोषणारी यंत्रणा बसवून २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. तटांचे काम मात्र फार संथ चालते. पडलेल्या प्रत्येक दगडाला क्रमांक दिला जातो, भूकंपापूर्वीच्या छायाचित्रांशी त्याचा चेहरा संगणकाच्या मदतीने जुळवला जातो आणि तो शक्यतो त्याच्या मूळ जागीच बसवला जातो. दगड जुनेच ठेवायचे, तर मजबुती वाढवायला जागा उरते ती मुख्यतः मागच्या भरावात. म्हणून अशा कामांत गोट्यांच्या थरांमध्ये जाळी अंथरून त्यांचे खाली उतरणे रोखण्याचा उपाय अभियंते पुढे आणत आहेत. संपूर्ण किल्ल्याची दुरुस्ती २०५२ पर्यंत चालेल, असा सध्याचा आराखडा आहे.