गिअरबॉक्सचा स्पीड सेन्सर: गाडी आणण्याआधी कोड पुसू नका

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरात अडकते, गिअर बदलताना धक्का बसतो, स्पीडोमीटरचा काटा चालत्या गाडीत शून्यावर येतो, चेक इंजिनचा दिवा पेटतो. पाऊस सुरू झाला की या तक्रारी वाढतात, आणि बरेच ग्राहक निदान करूनच येतात: ‘सेन्सर गेलाय, तेवढा बदलून द्या.’ सेन्सर गेलेला असेलही. पण त्याआधी आमची एक कळकळीची विनंती आहे.

बॅटरीचं टर्मिनल काढून किंवा मोबाइलला जोडायच्या स्कॅनरने कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसून गाडी आणू नका. कोड पडतो त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनचे आरपीएम आणि कूलंटचं तापमान किती होतं, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. चोर्ला घाट चढताना इंजिन तापल्यावर सिग्नल तुटला की पावसात गार गाडी सुरू करताच, हे त्या नोंदीतून कळतं आणि शोध अर्ध्यावर येतो. कोड पुसला की दिवा विझतो, बिघाड तिथेच राहतो. मग तो पुन्हा येईपर्यंत आम्हाला गाडी फिरवावी लागते, आणि फक्त तापल्यावर किंवा भिजल्यावर येणारा दोष हवा तेव्हा येत नाही. एका सकाळचं काम दोन-तीन दिवसांवर जातं ते यामुळेच. शिवाय काही गाड्यांत गिअरबॉक्सने शिकून ठेवलेली जुळवणीही पुसली जाते, म्हणून नवा धक्का सुरू होतो आणि तोही सेन्सरच्या माथी मारला जातो. स्कॅनर वापरायचाच असेल तर वाचा, स्क्रीनचा फोटो काढा आणि तिथेच थांबा. कोड आधीच पुसला असेल तर तसं सांगा, त्यानेही वेळ वाचतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला सहसा दोन सेन्सर असतात, एक इनपुट शाफ्टचा (इंजिनकडून फेऱ्या घेणारा दांडा), दुसरा आउटपुटचा (चाकांकडे फेऱ्या देणारा). दोन्हींच्या फेऱ्यांचं गुणोत्तर पाहून गिअर नीट लागला की नाही, हे कॉम्प्युटर ताडतो. पी०७१५ ते पी०७१७ हे कोड इनपुटचे, पी०७२० ते पी०७२२ आउटपुटचे. नुसता पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा कोड आहे, तो वाचा, एवढंच. पी०५०० हा गाडीच्या वेगाचा कोड. पुष्कळ नव्या गाड्यांत हा वेग चाकांच्या एबीएस सेन्सरकडून येतो, तिथे गिअरबॉक्सचा सेन्सर बदलून काहीच साधत नाही.

कोड सेन्सरचं नाव घेतो, पण दोष वायरमध्ये किंवा कनेक्टरमध्येही असू शकतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. घरचा माणूस बोटीवर गेल्यावर महिनोन् महिने न हललेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. म्हणून आम्ही आधी कनेक्टर उघडतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर (बाहेरून वीज लागणारा) असेल तर सप्लाय (गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट), अर्थ आणि चाक फिरवताना सिग्नल तपासतो. दोन वायरींच्या चुंबकी सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडतो. हॉल सेन्सरला ही रेझिस्टन्सची चाचणी लागू नाही. एक खूण तुमच्यासाठी: डी गिअरात ब्रेक दाबून उभ्या गाडीत स्कॅनरवर इनपुटचा आकडा शून्य दिसला तर घाबरू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) गाडीत तो तसाच दिसायला हवा. पी किंवा एनमध्ये मात्र तो इंजिनच्या आरपीएमच्या जवळ असला पाहिजे.

सेन्सर बाहेरून बसवलेला असेल तर बदलणं सोपं. इंजिन गार करायचं, आजूबाजूची माती पुसून घ्यायची, बोल्ट काढून सेन्सर हलके फिरवत ओढायचा. पक्कड लावली की तो तुटून टोक आत राहतं. नव्या ओ-रिंगला गिअरबॉक्सचंच तेल लावायचं आणि बोल्ट हलक्या हाताने, ठरलेल्या टॉर्कवरच आवळायचा, कारण कवच ॲल्युमिनियमचं असतं. जुन्या सेन्सरच्या टोकावर करड्या लोण्यासारखा थर असेल तर चालतं. लोखंडाचे तुकडे किंवा कीस दिसला तर सेन्सर बदलून भागणार नाही, हे आम्ही तिथेच दाखवतो. काही गाड्यांत सेन्सर आतल्या व्हॉल्व्ह बॉडीवर (गिअर बदलायला तेल वळवणाऱ्या भागावर) असतो. तिथे तेल काढून पॅन उतरवावा लागतो, म्हणून खर्च वेगळा.

ऑनलाइन मागवलेला सेन्सर बसवून देतो, पण हमी देत नाही. दिसायला सारख्या नकली सेन्सरची लांबी किंचित कमी भरली तरी फटीमुळे सिग्नल कमजोर येतो, आणि दोष आमच्या कामावर येतो. तपासणीचे पैसे घेतो, कारण खरं काम तिथेच आहे. दुरुस्ती आमच्याकडे केलीत तर ते बिलातून वजा होतात, आणि काढलेला भाग तुमच्या हातात मिळतो.

गाडी अडकलेल्या गिअरात असेल तर घाट टाळून, हळू चालवत आणा. ओढून आणायची असेल तर दोरी नको, फ्लॅटबेडच मागवा. चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक ओढली की गिअरबॉक्सला तेल न मिळता तो आतून खराब होऊ शकतो. कनेक्टर साफ करून ग्रीस भरून घ्यायचे असतील तर मे महिन्यात या. चवथीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे जागा मिळणं कठीण असतं.