खाज थांबली म्हंजे रोग गेला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावकडच्या खानापूरला स्टँडजवळच्या एका मेडिकलपुढं उभा होतो, माझी बीपीची गोळी घ्यायची होती. माझ्या पुढं विशीतला एक पोरगा, पँट मांडीला चिकटलेली, हातात भिजलेलं हेल्मेट. दुकानदारानं विचारलं, "एन बेकु?" (काय पाहिजे?) पोरगा म्हणाला, "तुरिकेची ट्यूब द्या की ओ, परवा न्हेल्ली तीच." तुरिके म्हंजे खाज, ते कन्नड, ट्यूब इंग्रजी, बाकी मराठी, आमच्याकडं असंच चालतंय. दुकानदारानं न विचारता न बघता मागच्या कप्प्यातनं ट्यूब काढून टेकवली. मी उलटी करून बारीक अक्षर वाचलं तर क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. म्हंजे एक जहाल स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध, सगळं एकाच ट्यूबीत, मिक्स भाजी केल्यासारखं.

"कितवी ही?"

"चौथी असंल सर. लावली की दोन दिवसांत गार पडतंय, सोडली की परत. रातभर खाजवुलालोय बघा."

तीस वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलं म्हणून मला सगळे सर म्हणतात, मी काही डॉक्टर नव्हे. पण त्या पोराचं गणित मला बरोबर कळलं, खाज हाच रोग, खाज थांबली की रोग गेला. हे गणित चुकीचं आहे आणि ते का चुकीचं आहे हे सांगायचं तर आधी खाज म्हंजे काय ते बघायला पाहिजे, आणि हा माझा फार आवडीचा विषय आहे त्यामुळं जरा लांबेल.

१६६० साली सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन डॉक्टरनं व्याख्या केली की खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव म्हंजे खाज. साडेतीनशे वर्षं झाली तरी पुस्तकांत तीच व्याख्या चालू आहे, यापेक्षा बरी कुणाला जमली नाही. पुढं बराच काळ शास्त्रज्ञ असं धरून चालले होते की खाज म्हंजे बारकं दुखणंच, कंदिलाची वात खाली केल्यासारखं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. सिझेरियनच्या वेळी कण्यात मॉर्फिन दिलं की दुखायचं थांबतं आणि बऱ्याच बायकांना उलट अंगाला खाज सुटते. दुखणं कमी झाल्यावर खाज वाढत असेल तर ती दुखण्याचं पिल्लू कशी?

१९९७ मध्ये मार्टिन श्मेल्झ आणि सहकाऱ्यांनी जागत्या माणसांच्या पायातल्या नसेत बारीक सुई घालून ऐकलं, आणि त्यांना असे धागे सापडले की कातडीत हिस्टामिन (ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन) सोडलं की ते बोलायला लागतात आणि खाज जेवढा वेळ टिकते तेवढाच वेळ बोलत राहतात. हे धागे सी जातीचे, वरनं वेष्टन नसलेले, त्यामुळं एकदम सावकाश. त्यांचा निरोप सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हंजे बैलगाडीच्या चालीनं जातो, आणि स्पर्शाचा निरोप सेकंदाला तीस मीटरच्या वर, आमच्या पुणे-बेंगळूर हायवेवरच्या कारसारखा. घोट्यावर डास बसला तर बसल्याचं लगेच कळतं, खाज मागनं येते. अर्थात मागनं यायला नुसती नस कारण नाही, डासाच्या लाळेला आपलं शरीर उत्तर देतं, हिस्टामिन सुटतं, त्यात जास्त वेळ जातो.

मग २००७ मध्ये अमेरिकेत चेन यांच्या गटाला उंदराच्या मज्जारज्जूत जीआरपीआर नावाचा एक ग्राहक, म्हंजे रसायनाचा निरोप पकडणारं प्रथिन, सापडला. तो नसलेले उंदीर खाज आणणारं औषध टोचलं तरी फारसं खाजवत नाहीत, पण गरम लागलं की इतरांसारखेच पाय उचलतात. म्हंजे खाजेची वाट वेगळी ठरली.

आता खरी गंमत. खाजवल्यावर बरं का वाटतं? नखानं आपण कातडीला थोडं दुखवतो, त्याचा निरोप मज्जारज्जूत जातो, तिथं काही पेशी बसलेल्यात ज्यांचं काम खाजेच्या वाटेवरचं गेट पाडणं. दुखणं आलं की त्या जाग्या होतात आणि डायनॉर्फिन नावाचं रसायन सोडतात, गेट पडतं, खाज मेंदूपर्यंत पोचत नाही. गार लागलं किंवा मेन्थॉल लावलं तरी त्याच पेशी जाग्या होतात, म्हणून घामोळ्याची थंड पावडर मारली की बरं वाटतं, घामोळं मात्र तिथंच असतं. आता हे डायनॉर्फिन कप्पा नावाच्या कुलपात बसतं आणि मॉर्फिन म्यू नावाच्या कुलपात, दोन्ही ओपिऑइड म्हंजे अफूच्या घराण्यातलीच पण म्यू उघडलं की खाज वाढते आणि कप्पा उघडलं की दबते, म्हणूनच कप्पावर चालणारं डिफेलिकेफॅलिन नावाचं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या पेशंटांच्या खाजेसाठी मंजूर झालं. जड झालं असेल तर कुलपं सोडून द्या, गेट तेवढं लक्षात ठेवा. आणि गेट परत उघडतं, कारण नखानं फाटलेली कातडी स्वतःच नवी रसायनं सोडते, त्यानं परत खाज, परत नख. रातभर जो खाजवुलालाय त्याचं हेच चाललेलं असतं.

बरं, सगळी खाज हिस्टामिनची नसते. आमच्या जंगलाकडच्या गावात वाढलेल्या माणसाला खाजकुयली सांगायला नको. शेंगेवरची ती सोनेरी मखमल, दिसायला काय सुंदर. सातवीत असताना आमच्या वर्गातल्या एकानं ती कागदाच्या पुडीत आणून पुढच्या बाकावर झटकली, ज्याच्यासाठी झटकली तो त्या दिवशी आलाच नाही आणि मी जाऊन बसलो. आज्जीनं मांड्यांना शेण चोपडलं, सुकल्यावर खरवडून काढलं, त्याबरोबर लव निघाली असणार. (शेण लावू नका, तुटलेल्या कातडीला धनुर्वाताची भीती. चिकटपट्टी लावून ओढा, चोळू तर अजिबात नको.) त्या लवीत म्युक्युनेन नावाचं एक प्रथिन तोडणारं एन्झाइम असतं आणि ते नसेच्या टोकावरच्या ग्राहकाचा तुकडाच पाडून त्याला चालू करतं. हिस्टामिन मधे येतच नाही, म्हणून सेट्रिझिनची, म्हंजे हिस्टामिन अडवणारी, गोळी तिथं फारशी चालत नाही. लव उकळली की एन्झाइम मरतं आणि खाज बंद. इसब, किडनीची खाज, वर्षानुवर्षांची खाज यातसुद्धा हिस्टामिनचा वाटा बहुतेक वेळा कमीच असतो, तरी आपल्याकडं प्रत्येक खाजेवर सेट्रिझिन.

तर आता त्या पोराच्या जांघेकडं येऊ. त्याला झालं होतं ते गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. इंग्रजीत रिंगवर्म आणि कन्नडमधे हुळुकड्डी, दोन्हीकडं नावात किडा आहे, प्रत्यक्षात किडा बिडा काही नाही, ती बुरशी. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन जगते. माळावर वाळलं गवत पेटलं की आग चारी बाजूला गोल सरकते आणि मधलं जळून काळं पडतं, तसंच हे, कडेला लाल उठलेली चकती आणि मधे कातडी साफ होत आलेली. ती लाल कड आणि खाज बुरशीनं केलेली नसते, बुरशीशी भांडणाऱ्या आपल्या शरीरानं केलेली असते. स्टिरॉइड काय करतं, हे भांडण बंद पाडतं. पोलीस घरी पाठवले की दंगा थांबल्यासारखा वाटतो, तसं दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली, आणि बुरशीला रान मोकळं. चकती पसरत जाते पण कड पुसट होते, मग डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखू येत नाही. वर कातडी पातळ होऊन जांघेत जे पट्टे पडतात ते परत जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली, पण माझ्यासमोर ट्यूब टेबलावर आली ती कशी ते वर सांगितलंच.

आणि आता भारतात जी बुरशी पसरलीय तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच पडलंय, आपल्या देशाचं नाव लागलं तेही नायट्याला. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडकतं तेच यातल्या बऱ्याच बुरशांनी बदलून घेतलंय. म्हणून कोर्स डॉक्टर सांगेल तेवढा पुरा करायचा, चकती दिसेनाशी झाल्यावरसुद्धा. घरात टॉवेल ज्याचा त्याला. आणि आमच्या भागातली मोठी अडचण म्हंजे मृग लागल्यापासनं गणपतीपर्यंत चड्डी वाळतच नाही, नट्टीच्या (भात लावणीच्या) दिवसांत तर बाया दिवसभर चिखलात असतात आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. ओलं अंगात घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून घाला, जीन्स पावसाळ्यात पेटीत ठेवा.

खरजेत तर हे गणित दोन्ही बाजूनं चुकतं. खरजेची माइट म्हणून जी किडी असते (इथं मात्र खरंच किडा आहे) तिची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पाडून अंडी घालते. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर असल्या दहा-पंधराच असतात, तरी माणूस रात्री वेडा होतो, कारण खाज ही त्यांच्या विष्ठेची आणि अंड्यांची ॲलर्जी. पहिल्यांदा होते तेव्हा ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हंजे महिनाभर रोग आहे, दुसऱ्याला देऊ शकतो, आणि खाज नाही! आणि पर्मेथ्रिन हे किडे मारणारं मलम लावून किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, कारण मेलेले किडे अजून कातडीतच. लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही आणि रोज चोपडत बसतात. घरातल्या सगळ्यांनी, न खाजणाऱ्यांनीसुद्धा, एकाच रात्री मानेपासनं पायापर्यंत लावायचं आणि आठवड्यानं परत एकदा, कपडे-चादरी गरम पाण्यात. एकट्या पोराला लावलं तर ते आज्जीकडनं परत घेऊन येणार.

नागिणीचं पण विचारतात. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो म्हणून काव लावणं, मंतर मारणं अजून चालू आहे. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळात लपून बसलेला असतो, तो उठतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच नसेच्या पट्ट्यात उठतो, आणि ती नस अंगाच्या मध्यरेषेला संपते. त्यामुळं तोंड-शेपूट जुळतच नाही, आणि मांत्रिकाला दर वेळी यश. औषध खरं पहिल्या बहात्तर तासांत सुरू करायचं असतं, ते तास मंतरात जातात.

मुरमांचं थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. रक्त खराब होऊन मुरूम येत नाहीत, वयात येताना हार्मोनमुळं तेल वाढतं, केसाच्या मुळाशी तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात. काळा ठिपका म्हंजे मळ नव्हे, हवा लागून काळं पडलेलं मेलॅनिन, घासून जाणार नाही. टूथपेस्ट लावू नका, डोक्याचं तेल कपाळावर उतरू देऊ नका, आणि कुठलंही औषध सहा-आठ आठवडे दिल्याशिवाय नावं ठेवू नका. एकच खूण सांगतो, मुरूम सहसा खाजत नाहीत. कपाळावर, छातीवर, पाठीवर सारख्या आकाराच्या बारीक पुळ्या उठून खाजत असतील तर ते मुरूम नसून केसाच्या मुळातलं यीस्ट (एक जातीची बुरशी) असू शकतं आणि मुरमाच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ते उलट वाढतं. अंगावर काहीच नाही आणि सगळं अंग खाजतंय, किंवा शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईचे तळहात-तळपाय खाजतायत, तर ट्यूब विकत घेण्याआधी रक्त तपासा, भानगड लिव्हर किंवा किडनीची असू शकते.

मेडिकलपुढचा तो पोरगा पुढं डॉक्टरकडं गेला. पंधरा दिवसांनी माझ्या घरी आला तो वडलांना घेऊन, जांघेतलं कमी झाल्याचं सांगायला. बोलता बोलता वडलांनी शर्टाची बाही वर केली, कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा. "हे काही नाही सर, आठ महिने झाले, खाजत नाही बघा." मी कापसाचा बोळा घेतला, टोक बारीक वळलं आणि म्हटलं मामा डोळे मिटा, जिथं लागेल तिथं बोट ठेवा. चट्ट्याच्या बाहेर लावला, बोट बरोबर आलं. चट्ट्यावर लावला, मामा डोळे मिटून वाट बघत बसले. "लावला काय सर?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. महारोगाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात.