पावकी-निमकी

पावकी-निमकी : अपूर्णांकांचे तोंडी पाढे. पंतोजींच्या शाळांत आणि पुढे प्राथमिक शाळांतही पूर्णांकांचे पाढे तिसापर्यंत झाले की पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) व औटकी (साडेतीन) हे पाढे म्हणवून घेत. सातारा व सांगली जिल्ह्यांत दिवेलागणीच्या परवच्यात (पाढे-स्तोत्रे मोठ्याने म्हणण्याच्या रोजच्या पाठात) त्यांना जागा होती. (सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ ते १९६० या काळात ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जाई, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.)

व्युत्पत्ती : पाढ्यांच्या नावांतील बहुतेक शब्द संस्कृतातून प्राकृतामार्गे आले. पाव हा ‘पाद’पासून, पाऊण ‘पादोन’पासून (पादाने उणे), सव्वा ‘सपाद’पासून. दीड, अडीच व औट यांची घडण मात्र वेगळी आहे. ‘अर्धतृतीय’ म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे तो, म्हणजे अडीच; त्याच रीतीने ‘अर्धचतुर्थ’ म्हणजे साडेतीन. याचे प्राकृत रूप ‘अद्धुट्ठ’ झिजत ‘औट’पर्यंत आले. संतवाङ्मयात देहाचे माप ‘औट हात’ असे येते. आज हा शब्द बहुतेकांना ‘औट घटकेचे राज्य’ यातूनच माहीत असतो. घटका २४ मिनिटांची धरल्यास ते राज्य ८४ मिनिटांचे भरते.

‘निम’विषयी मतभेद आहे. एक मत तो फारसी ‘नीम’ (अर्धा) मानते. दुसरे मत संस्कृत ‘नेम’ (अर्धा) या वैदिक शब्दाकडे बोट दाखवते. दोन्ही शब्द मुळात एकाच इंडो-इराणी कुळातले असल्याने केवळ ध्वनिसाम्यावरून निर्णय होत नाही. हा प्रदेश दीर्घकाळ बहमनी व आदिलशाही अमलाखाली होता आणि वसूल, वजनमाप व जमाखर्चाची भाषा फारसीने भारलेली होती. हिशेबी परिभाषेपुरता फारसी मार्ग अधिक संभवनीय वाटतो. ‘निम्मा’ या बोलीतील रूपाचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. एवढे खरे की ही पाढेमाला एका वेळी, एका हातून रचलेली नसावी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) पाढ्यांची ही नावे नोंदलेली असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती रुळलेली होती, प्रत्यक्ष प्रघात बहुधा त्याहून बराच जुना.

उपयोग : जुनी मापे चौथाईच्या पटीत चालत. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. सव्वा आणा शेर भावाने १७ शेर माल घेतला, तर सवायकी म्हणणारा मुलगा ‘सतरा सव्वे सव्वाएकवीस’ असे लगेच सांगे : सव्वाएकवीस आणे, म्हणजे एक रुपया पाच आणे एक पैसा. कागद लागत नसे, मांडणीही लागत नसे. सांगलीच्या हळद-गुळाच्या पेठेतल्या दिवाणजीला आणि गावच्या कुलकर्ण्याला याच हिशेबाची गरज होती. पंतोजींच्या शाळेत मुख्यतः अशाच घरांतली मुले बसत. मुली आणि बहुसंख्य कुणबी, दलित मुले बाहेर राहिली. त्यांच्या घरी मोजणी ‘दोन विसा पाच’ (४५) अशी विसांत चाले, आणि ती कामाला पुरेशी होती हे नोंदवले पाहिजे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले (ता. कऱ्हाड) येथे स्थापलेल्या व १९२४ साली साताऱ्यास आणलेल्या रयत शिक्षण संस्थेमुळे या घरांतली मुले मोठ्या संख्येने शाळेत आली.

ऱ्हास : १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ मेट्रिक वजने. आणा गेला तसे सवायकीचे रोजचे काम गेले आणि अभ्यासक्रमात दशांश अपूर्णांकांना अधिक जागा मिळाली.

सद्यस्थिती : सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (शिक्षण विभागाच्या देखरेखीखालील शाळांच्या गटाच्या) जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने फरशीवरील आखणी, काड्यांचे गठ्ठे, मणी यांतून संख्याज्ञान देण्याचा प्रयोग झाला. राज्यभरातले शिक्षक तो पाहून गेले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ हे वाचन आले आणि वाद उठला. गणित विषय समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे व अंकांचा उलटा क्रम यांमुळे मुलांना होणारी अडचण पुढे केली. विरोधकांना भाषेची मोडतोड खटकली. या भागातील ‘दोन विसा पाच’ पाहता मोठा गट आधी व सुटे नंतर हा क्रम मराठीला परका नाही, हे त्या वादात पुरेसे पुढे आले नाही.

पाढा सुटला तरी त्यातली परिमाणे बोलण्यात आहेत. एकर चाळीस गुंठ्यांचा असल्याने पाऊण एकर तीस, सव्वा एकर पन्नास, दीड एकर साठ, अडीच एकर शंभर गुंठे. माण-खटाव, जत-आटपाडीकडील शेतकरी घरांत वाटणीच्या बोलण्यात हे आकडे मुलांच्या कानावर पडतात. वर्गात अपूर्णांक मात्र भाकरीच्या चित्राने सुरू होतो, गुंठ्याने क्वचितच.