काच ती काच, तिला काय सोनं लागलंय?

खालापूरचा टोलनाका मागे पडला होता आणि गाडी घाटाला लागत होती. पुढे खडीचा डंपर. वर ताडपत्री होती, पण नावापुरती; तिचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं. लेन बदलायला मित्राने आरशात बघितलं, तेवढ्यात ‘टक्क’ असा आवाज आला. काचेवर तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. गाडी नवी, जर्मन, महागडी. त्याने आतून बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत लागलं. “काही नाही रे, वरवरचं आहे,” म्हणाला. जून संपत आला होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठिपक्याला शेपूट फुटलं आणि एका सकाळी ते हातभर लांब झालेलं दिसलं. वर्कशॉपचं एस्टिमेट त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. काच, सेन्सरचं जेल पॅड, कडेची रबरं, चिकटवायचं सामान, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. बेरीज ऐकून मीही गप्प झालो. “काच ती काच,” तो वैतागून म्हणाला, “तिला काय सोनं लागलंय?”

सोनं नाही. चांदी मात्र लागलेली असते, अगदी खरीखुरी. तिच्याकडे येऊच, पण आधी तो ठिपका.

काच दाब भरपूर सोसते. खेचलेलं तिला मुळीच सोसत नाही. गोल, कठीण वस्तू एखाद्या पृष्ठभागावर टेकून दाबली की आत ताण कसे पसरतात, याचं गणित हाइनरिख हर्ट्झने १८८१-८२च्या सुमाराला मांडलं. हा तोच हर्ट्झ, ज्याचं नाव पुढे रेडिओलहरींमुळे घराघरात पोहोचलं. खडा जिथे आपटतो त्याच्या अगदी खाली काच दाबली जाते, पण त्या जागेच्या कडेने ती खेचली जाते. म्हणून चीर उभी आत न जाता शंकूसारखी पसरत उतरते. वरून बघितलं की गोल ठिपका दिसतो, तो या शंकूचा.

पुढचा धडा ग्रिफिथचा. इंग्लंडमध्ये फार्नबरोला विमानांवर संशोधन करणाऱ्या या इंजिनियरने १९२० साली दाखवून दिलं, की काच अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी ताणाला तुटते, कारण तिच्या अंगावर बारीक चिरा आधीपासूनच असतात आणि सगळा ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण जास्त. कापड दुकानदार कात्रीने एक छोटा काप देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो, तसंच काहीसं.

मग ठिपका तीन आठवडे शांत का बसला? कारण त्याला पाणी हवं होतं. काचेचं अंग सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या बंधांचं बनलेलं असतं. चिरेच्या टोकाशी हे बंध आधीच ताणलेले असतात. तिथे पाण्याचा रेणू पोहोचला की तो बंधात शिरतो आणि ताणलेला बंध तुटतो. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एरवी जो ताण चिरेला हलवू शकला नसता, तोच दमट हवेत तिला हळूहळू पुढे ढकलतो. प्रयोगशाळेत हे मोजलेलं आहे: त्याच ताणाखाली दमट हवेतली चीर कोरड्या हवेतल्या चिरेपेक्षा वेगाने वाढते. आपल्याकडचा जुलै म्हणजे चिरेला आयतं मिळालेलं आमंत्रण. त्यात आपण तापलेल्या गाडीत बसताच एसीचा थंड झोत थेट काचेवर सोडतो. थंड झालेला भाग आकसू बघतो, शेजारचा गरम भाग त्याला आकसू देत नाही, आणि थंड भाग खेचला जातो. जे काचेला सोसत नाही, नेमकं तेच.

आतून बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागलं, ते मात्र खोटं नव्हतं. पुढची काच एक नसून दोन असतात. प्रत्येकी साधारण दोन मिलिमीटर, आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. खड्याने फक्त बाहेरची काच जखमी झाली होती. या सँडविचचा मूळ पुरुष म्हणजे एदुआर बेनेडिक्टस हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. १९०३ साली त्याच्या हातून एक काचेचा फ्लास्क पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला थर होता, त्याने तुकडे धरून ठेवले होते, अशी ती गोष्ट. पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतलं. पहिल्या महायुद्धात ही काच वायुमुखवट्यांच्या डोळ्यांना बसली आणि मोटारीत ती सर्रास दिसायला आणखी दशकभर गेलं. बाजूच्या खिडक्यांची काच बहुतेक गाड्यांत वेगळी, म्हणजे टफन्ड असते: सहाशे अंशांच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने एकदम निववलेली. फुटली तर तिचा भुगा होतो. पुढच्या काचेचा भुगा झालेला कुणालाच परवडणार नाही.

ठिपका ताजा असतानाच मित्र दुकानात गेला असता तर काम थोडक्यात झालं असतं. जखमेवर एक छोटा पंप बसवतात, आतली हवा आणि ओल खेचून घेतात, पातळ रेझिन आत सोडतात आणि अतिनील दिव्याखाली कडक करतात. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, काचेच्या १.५२ च्या जवळ असल्यामुळे प्रकाशाला चीर जवळजवळ दिसेनाशी होते. हा उपाय रुपयाच्या नाण्याएवढ्या जखमेपर्यंत चालतो. ती काचेच्या कडेला, ड्रायव्हरच्या नजरेसमोर किंवा कॅमेऱ्यापुढे असेल तर नाही. आणि एकदा चिरेत पाणी, धूळ, कार वॉशचा साबण शिरला की रेझिन धड बसत नाही. तोवर जखमेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. 

आता काच बदलायचीच. मित्राच्या मनातली पुढची काच म्हणजे वारा अडवणारी खिडकी. महागड्या गाडीत मात्र ती एक प्रकाशयंत्र असते.

वेगाचा आकडा समोर रस्त्यावर तरंगताना दाखवणारा हेड-अप डिस्प्ले, म्हणजे एचयूडी, घ्या. डॅशबोर्डातला प्रोजेक्टर प्रकाश वर फेकतो आणि काच आरशाचं काम करते. पण काचेला पृष्ठभाग दोन, आतला आणि बाहेरचा, म्हणून प्रतिमाही दोन पडतात. ५० च्या डोक्यावर ५० ची भुतासारखी सावली. यावरचा उपाय मला फार आवडतो: मधला पीव्हीबीचा पापुद्रा सरळ न ठेवता पाचरीसारखा करतात, वर जाड आणि खाली पातळ. मीटरभर उंचीत फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याला तो कधी कळणार नाही, पण तेवढ्याने दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. २०२० साली आलेल्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये तर वळणाचे बाण दहा मीटर पुढे रस्त्यावरच तरंगतात. अशा गाडीला बाहेरून हुबेहूब दिसणारी, पण पाचर नसलेली काच बसवली, की भूत परत येतं आणि मग कितीही सेटिंग बदला, जात नाही.

आरशामागचा पावसाचा सेन्सर दहावीच्या भौतिकशास्त्रावर चालतो. एक छोटा दिवा अवरक्त किरण साधारण ४५ अंशांनी काचेत सोडतो. बाहेर हवा असेल तर काचेचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या पुढे किरण बाहेर पडूच शकत नाही तो कोन, ४१ अंश. ४५ त्याहून जास्त, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होतं आणि किरण माघारी फिरतात. काचेवर थेंब पडला की त्या जागी हवेऐवजी पाणी येतं, क्रांतिक कोन ६१ अंशांवर जातो आणि किरण थेंबातून बाहेर निसटतात. परत येणारा प्रकाश कमी झाला, म्हणजे पाऊस आला, वायपर चालू. यासाठी सेन्सर आणि काच यांच्यामध्ये हवेचा एक बुडबुडाही चालत नाही, म्हणून ते पारदर्शक जेल पॅड. एस्टिमेटमधली ती सगळ्यात फुटकळ वाटणारी ओळ. जुनंच पॅड पुन्हा चिकटवलं, की भर उन्हात वायपर नाचू लागतात.

आणि चांदी. उन्हाची जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ती परतवायला काही काचांच्या आत चांदीचे थर दिलेले असतात, प्रत्येक थर साधारण दहा नॅनोमीटरचा. वजनाने नगण्य, सराफाच्या कामाचा नाही. पण कितीही पातळ असला तरी तो धातूच, आणि धातू रेडिओलहरीही अडवतो. आपला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतो. म्हणून अशा काचेत आरशाजवळ एक छोटी जागा मुद्दाम बिनचांदीची सोडलेली असते. फास्टॅग तिथे न लावता दुसरीकडे कुठेतरी चिकटवला, की टोलनाक्यावर बॅलन्स असूनही दांडा हलत नाही.

काच काढायची आणि बसवायची पद्धत बघण्यासारखी असते. जुनी काच बारीक तारेने किंवा दोरीने कापून सोडवतात. चौकटीवरचं जुनं चिकट पूर्ण खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटरचा थर राखतात. नवं चिकट त्याला सगळ्यात घट्ट धरतं. चौकटीच्या रंगावर ओरखडा गेला आणि प्राइमर न लावता तसाच झाकला, तर मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तिथे आतून गंज धरतो आणि पावसाळ्यात पायाशी पाणी येतं. चिकट असतं पॉलियुरेथेनचं, आणि गंमत बघा, तेही पाण्यावरच पिकतं. हवेतली ओल शोषून ते बाहेरून आत घट्ट होत जातं, दिवसाला तीन-चार मिलिमीटर. ज्या दमटपणाने चीर वाढवली तोच नवी काच पक्की करतो. काचेच्या कडेची काळी पट्टी शोभेची नव्हे. उन्हातले अतिनील किरण या चिकटाला खातात, त्यांच्यापासून ती त्याला झाकते.

हे चिकट किती महत्त्वाचं, ते अपघातात कळतं. शेजारच्या सीटची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत वर उसळून काचेवर आपटते आणि तिथून प्रवाशाकडे वळते, सगळं मिळून सेकंदाच्या तीन-चार शतांशांत. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. काच चौकटीत पक्की नसेल तर एअरबॅग तिला ढकलून बाहेर जाईल. म्हणून काच बसल्यावर गाडी कधी हलवायची हे कारागिराला विचारायचं, आणि चिकटाच्या डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा. कुठे तो तासाभराचा असतो, कुठे बऱ्याच तासांचा. पहिला दिवस दारं आपटायची नाहीत, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. बंद गाडीत आपटलेलं दार ओल्या चिकटाला आतून धक्का देतं.

शेवटी कॅमेरा. लेन आणि पुढची वाहनं ओळखणारा कॅमेरा आरशामागून याच काचेतून जग बघतो. काच हा त्याचा चष्मा. नवीन चष्मा लावल्यावर पायरी चुकते, तसंच त्याचंही होतं. हिशेब साधा आहे: कॅमेरा एका अंशाने चुकला तर शंभर मीटरवरची वस्तू पावणेदोन मीटर बाजूला दिसते. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे चूक बरोब्बर अर्ध्या लेनची. गाडी आपोआप ब्रेक मारणार असेल, स्टिअरिंगला हात लावणार असेल, तर अर्धी लेन फार झाली. म्हणून सपाट जमिनीवर, मोजलेल्या अंतरावर नक्षीचे फलक उभे करून कॅमेऱ्याला पुन्हा ‘सरळ’ म्हणजे काय ते शिकवतात. काही गाड्यांना त्यानंतर रस्त्यावर नेऊन ठरावीक वेगाने चालवावं लागतं, स्पष्ट पांढरे पट्टे असलेल्या रस्त्यावर. तसा रस्ता शोधणं, हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग असावा. आणि हे फक्त श्रीमंतांचं दुखणं राहिलेलं नाही. चाकणमध्ये बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्येही २०२१ सालीच असा कॅमेरा आला.

विम्याबद्दल थोडंच. आपल्याकडे मोटार विम्यात काचेवर घसारा धरत नाहीत, रबर-प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर रबरं आणि कव्हरांचा काही भाग खिशातून जातो, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनसही. नवी काच बसवताना तिच्या कोपऱ्यातलं बारीक छापील वाचा: लॅमिनेटेड आहे का, आयएसआय किंवा युरोपीय मान्यतेची खूण आहे का. आणि लेखी विचारा, एचयूडी असलेल्या गाडीला एचयूडीचीच काच लावताय ना.

मित्राने सगळं नीट करून घेतलं. दोन दिवस गाडी सोडली, कॅलिब्रेशनचा कागद मागून घेतला, आकडा एकच दिसतोय हे रात्री बाहेर जाऊन तपासलं. रविवारी आम्ही मुंबईला निघालो. तळेगावच्या टोलनाक्यावर दांडा वर जाईना. मागे हॉर्न सुरू झाले. नाक्यावरचा मुलगा काचेत डोकावला आणि म्हणाला, “साहेब, फास्टॅग कुठंय?”

तो जुन्या काचेवर होता. काढला की निकामी होतो, तसाच बनवलेला असतो. नवी काच म्हणजे बँकेकडून नवा टॅग. जुनी काच तोवर भंगारात गेली होती. मित्राने रोखीने दुप्पट टोल भरला, आणि बोरघाट उतरेपर्यंत पुढच्या प्रत्येक डंपरपासून दोनशे मीटर अंतर ठेवलं.