अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश: घसरलेला जीपीए सावरताना मेजरची निवड, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि बहुतेक विद्यापीठांत ‘प्री-मेड’ (वैद्यकीय पूर्वतयारी) नावाचा स्वतंत्र मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नसतो. विद्यार्थ्याने कोणत्याही विषयात पदवी घ्यावी, जीवशास्त्र, जनरल व ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, इंग्रजी आणि थोडे गणित किंवा संख्याशास्त्र हे अपेक्षित विषय पूर्ण करावेत आणि एमकॅट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी, अशी साधारण रचना आहे. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत किंवा कॅल्क्युलसमध्ये ‘सी’ आला की मेजर बदलण्याचा विचार घरात लगेच सुरू होतो, परंतु हा निर्णय जीपीएचा, म्हणजे सर्व ग्रेडच्या ४.० पैकी सरासरीचा, हिशेब मांडल्यानंतर घ्यावा, कारण प्रवेश समितीसमोर जाणारा आकडा कॉलेजच्या गुणपत्रकावरचा नसून अर्जसेवेने नव्याने काढलेला असतो.

एम.डी. पदवी देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज ‘ॲमकॅस’ या केंद्रीय सेवेमार्फत जातात आणि ती सेवा असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस, म्हणजे एएएमसी, ही संस्था चालवते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डी.ओ. ही वैद्यकीय पदवी देणाऱ्या कॉलेजांसाठी ‘अकोमास’ आणि टेक्सासमधील सरकारी कॉलेजांसाठी ‘टीएमडीएसएएस’ या वेगळ्या सेवा आहेत. तिघींचे नियम पूर्णपणे सारखे नाहीत, आणि गुण सावरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हेच फरक सर्वांत महत्त्वाचे असतात.

जीपीएचा हिशेब

अनेक कॉलेजे एखादा विषय पुन्हा घेतल्यावर जुना ग्रेड स्वतःच्या जीपीएतून वगळतात, पण ॲमकॅस तसे करत नाही. चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजण्याचे एकक) ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी ‘सी’ (२.०) आणि नंतर ‘ए’ (४.०) मिळाला, तर दोन्ही धरले जाऊन त्या आठ क्रेडिटची सरासरी ३.० होते. अकोमासमध्ये पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, मात्र २०१७ पासून ती सवलत बंद झाली असून तिथेही आता प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. जुन्या सल्ल्यांत ही सवलत अजूनही सांगितलेली आढळते, त्यामुळे तिच्यावर विसंबून योजना आखू नये.

प्रत्येक ग्रेड नोंदीवर राहत असल्याने सुधारणा किती लवकर सुरू होते याला फार महत्त्व येते. समजा, एका विद्यार्थ्याचे ३० क्रेडिट झाल्यावर जीपीए २.८ आहे आणि त्याने उरलेल्या ९० क्रेडिटमध्ये ३.८ राखला, तर पदवीअखेर त्याचा जीपीए ३.५५ होईल. तीच सुधारणा ६० क्रेडिटनंतर सुरू झाली, तर तो ३.३० वर थांबेल, आणि पदवीनंतर आणखी ३० क्रेडिट घेऊन प्रत्येक विषयात ‘ए’ मिळवला तरी ३.४४ च्या पुढे जाणार नाही. तुलनेसाठी सांगायचे, तर एएएमसीच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये एम.डी. अभ्यासक्रमात दाखल झालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि एमकॅटचा सरासरी गुण ५११.७ होता. हे आकडे सरासरीचे आहेत, किमान पात्रतेचे नाहीत. समित्या ग्रेडचा चढता कलही पाहतात, आणि ॲमकॅसच्या अर्जात जीपीए वर्षवार दिसत असल्याने तो कल त्यांच्या सहज लक्षात येतो.

एकूण जीपीएबरोबर जीवशास्त्र, केमिस्ट्री, भौतिकशास्त्र व गणित या विषयांचा ‘बीसीपीएम’ जीपीए वेगळा काढला जातो. एखादा कोर्स या गटात बसतो की नाही हे तो कोणत्या विभागाने शिकवला यावर ठरत नाही, त्याच्या मुख्य आशयावर ठरते. न्यूरोसायन्स, जेनेटिक्स व फिजिऑलॉजी जीवशास्त्रात धरले जातात आणि संख्याशास्त्र गणितात, तर मानसशास्त्र व इंजिनिअरिंगचे कोर्स बीसीपीएमबाहेर राहतात. अकोमासच्या विज्ञान जीपीएत गणित धरले जात नाही. टीएमडीएसएएस अधिक-उणे चिन्हे विचारात घेत नाही, त्यामुळे ‘ए मायनस’ तिथे ४.० ठरतो आणि ‘बी प्लस’ मात्र ३.० वर येतो. टेक्सासच्या रहिवाशांना ‘ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ या राज्याच्या कायद्याखाली दहा वर्षांहून जुने कोर्स विचारात न घेण्याची विनंती करता येते, परंतु त्यात त्या काळातील चांगले ग्रेडही सोडावे लागतात.

मेजर निवडताना

विशिष्ट मेजर असावा अशी अट मेड स्कूल घालत नाहीत. दाखल होणाऱ्यांत जीवशास्त्राचे विद्यार्थी सर्वाधिक असतात, पण अर्ज करणाऱ्यांतही तेच सर्वाधिक असतात. इतिहास, गणित किंवा अर्थशास्त्र घेतलेले विद्यार्थीही दरवर्षी दाखल होतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या विषयात विद्यार्थी मनापासून रमतो, ज्यात सातत्याने उत्तम ग्रेड मिळवण्याची त्याची क्षमता आहे आणि ज्यात आवश्यक विज्ञान विषयांसाठी वेळापत्रकात जागा उरते, तो मेजर त्याने निर्धास्तपणे घ्यावा. केवळ समितीला आवडेल या समजुतीने बायोकेमिस्ट्री घेऊन वरच्या वर्गांत पुन्हा ‘बी मायनस’ मिळवणे हानिकारक ठरते. मात्र सोपा मेजर घेऊन विज्ञानाकडे पाठ फिरवल्यास बीसीपीएम जिथे घसरला तिथेच राहतो. विज्ञानेतर मेजर घेणाऱ्याने मायक्रोबायॉलॉजी किंवा सेल बायॉलॉजीसारखे काही वरच्या पातळीचे कोर्स मुद्दाम घ्यावेत, कारण विज्ञानाचा अभ्यास आता पेलतो आहे याचा पुरावा तेच देतात.

मेजर साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करावा लागतो. त्यासाठी रजिस्ट्रारचा अर्ज, विभागाच्या ॲडव्हायझरची मान्यता आणि उरलेल्या कोर्सचा आराखडा लागतो. काही विभाग प्रवेशासाठी किमान जीपीएची अटही ठेवतात. सरकारी आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांनी या टप्प्यावर फायनान्शियल एड कार्यालयाशी बोलून घ्यावे. साहाय्य चालू राहण्यासाठी ‘समाधानकारक प्रगती’ची अट असते, पदवी ठरलेल्या लांबीच्या दीडपट मर्यादेत पूर्ण व्हावी लागते आणि उत्तीर्ण झालेला कोर्स पुन्हा घेण्यासाठी केंद्रीय साहाय्य एकदाच मिळते. कोर्स मध्येच सोडल्याची ‘डब्ल्यू’ नोंद जीपीएत मोजली जात नसली तरी प्रगतीच्या हिशेबात तो कोर्स प्रयत्न म्हणून धरला जातो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने मेजर बदलल्यास डीएसओकडून (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी नेमलेला कॉलेजचा अधिकारी) आय-२० हे व्हिसासाठीचे प्रमाणपत्र अद्ययावत करून घ्यावे, आणि कोर्स सोडल्याने सेमिस्टरचे क्रेडिट १२ पेक्षा कमी होणार असतील, तर डीएसओची परवानगी आधीच घ्यावी. अनेक मेड स्कूल आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे अर्जच स्वीकारत नाहीत. एच-४ (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वर वाढलेली आपली अनेक मराठी मुले एकविसाव्या वर्षी एफ-१ वर जातात आणि बऱ्याच कॉलेजांत याच गटात मोडतात, म्हणून कॉलेजांची यादी करताना एएएमसीच्या ‘एमएसएआर’ या माहितीकोशातील ही अट प्रथम पाहावी. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन अमेरिकेत आलेल्यांनीही लक्षात ठेवावे की परदेशातील ग्रेड ॲमकॅसच्या जीपीएत येत नाहीत आणि अनेक कॉलेजे अमेरिका किंवा कॅनडातील किमान ९० क्रेडिटची अपेक्षा ठेवतात.

पदवीनंतरचे पर्याय

पदवीनंतर पदवीपूर्व पातळीचे कोर्स घेण्याला पोस्ट-बॅक म्हणतात, आणि ते ग्रेड पदवीपूर्व जीपीएत मिळवले जातात. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘स्पेशल मास्टर्स’ या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे ग्रेड मात्र स्वतंत्र ग्रॅज्युएट जीपीएत जातात, त्यामुळे जुना आकडा त्याने हलत नाही. वैद्यकीय पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास झेपतो एवढे त्यातून सिद्ध होते. मास्टर्स महाग असते आणि त्यात कमी ग्रेड मिळाल्यास नुकसान भरून काढणे फार कठीण जाते, म्हणून बहुतेकांनी आधी पोस्ट-बॅकचा विचार करावा.

अर्ज आणि कागदपत्रे

अमेरिका किंवा कॅनडातील ज्या ज्या कॉलेजात नाव नोंदवले, त्या प्रत्येकाचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) रजिस्ट्रारकडून थेट ॲमकॅसला जावे लागते. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कम्युनिटी कॉलेजचे कोर्सही यात येतात, आणि ते राहून गेल्याने अर्ज अडकल्याच्या तक्रारी नेहमी ऐकू येतात. कोर्सची नोंद अर्जदाराने ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून स्वतः करायची असते. असमाधानकारक अभ्यासाबद्दल किंवा वर्तनाबद्दल कॉलेजने अधिकृत कारवाई केली असल्यास ती अर्जात सांगणे बंधनकारक आहे. प्रोबेशन (कमी ग्रेडमुळे कॉलेजने देखरेखीखाली ठेवणे) त्यात धरले जाते का, याविषयी शंका असल्यास रजिस्ट्रारला विचारून खात्री करावी.

शिफारसपत्रे जास्तीत जास्त दहा जोडता येतात. काही पदवी कॉलेजांत तिथल्याच सल्लागार समितीचे एकत्रित शिफारसपत्र मिळते, पण त्यासाठी किमान जीपीएची अट असू शकते, म्हणून आरोग्य-व्यवसाय ॲडव्हायझरकडे वर्षभर आधी चौकशी करावी. आत्मनिवेदन ५,३०० अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, बसवायचे असते आणि अनुभवांच्या नोंदी पंधरापर्यंत देता येतात. एमकॅट एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात एकूण सातदाच देता येते, आणि रद्द न केलेल्या प्रत्येक प्रयत्नाचे गुण कॉलेजांना दिसतात, त्यामुळे केवळ सराव म्हणून ती देऊ नये. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना एएएमसीच्या शुल्कसाहाय्य योजनेतून परीक्षा व अर्जाच्या खर्चात सूट मिळते, परंतु शुल्क भरण्यापूर्वी मंजुरी हाती असावी लागते.

ॲमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला खुला होतो, मेअखेरीपासून सादर करता येतो आणि गर्दीच्या काळात पडताळणीला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. पडताळणी झाल्यावर त्या वर्षाच्या अर्जातील जीपीए नव्या ग्रेडनुसार बदलला जात नाही, नंतरचे ग्रेड प्रत्येक कॉलेजला स्वतंत्रपणे कळवावे लागतात. तिसऱ्या वर्षाअखेरीस अर्ज करणाऱ्याचे चौथ्या वर्षाचे ग्रेड त्या आकड्यात येतच नाहीत, त्यामुळे ज्याची खरी सुधारणा शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये होणार आहे त्याने पदवीचा अंतिम ट्रान्सक्रिप्ट तयार झाल्यानंतरच अर्ज करावा.