सीई म्हणजे ‘चायना एक्सपोर्ट’ नाही हो!

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत चहाच्या टपरीवर अजून ऐकू येतं, सीई (युरोपात विकायच्या मशीनवरची, तिथले सुरक्षेचे नियम पाळल्याची खूण) म्हणजे चायना एक्सपोर्ट, नाहीतर मग एजंटला पैसे दिले की युरोपवाले सर्टिफिकेट पाठवतात. दोन्ही थापा! बहुतेक मशीनला बाहेरचं सर्टिफिकेट लागतच नाही, बनवणाऱ्यानेच रिस्क असेसमेंट करायचं, गार्ड, इमर्जन्सी स्टॉप बघायचे, टेक्निकल फाइल (मशीनची ड्रॉइंग, तपासणीचे कागद) 10 वर्षं सांभाळायची, मॅन्युअल गिऱ्हाइकाच्या देशाच्या भाषेत द्यायचं आणि मशीन नियमात बसतं या डिक्लरेशनवर स्वतः सही ठोकायची, म्हणजे अपघात झाला तर मान आपलीच अडकते. हाताने माल भरायच्या पॉवर प्रेसचं वेगळं, तिथे नोटिफाइड बॉडी (युरोपात मान्यता असलेली बाहेरची तपासणी संस्था) लागू शकते. आणि हो, 20 जानेवारी 2027 पासून मशीनसाठीच्या 2006 च्या युरोपीय डायरेक्टिव्हच्या (नियमावलीच्या) जागी नवं रेग्युलेशन येतंय, तेव्हा जुनी फाइल तशीच पुढे ढकलू नका.